खंडेनवमीच्या पाटावरची डबी

या सदरातले अनुभव मी आमच्या कॉलेजच्या वाचनालयात नेहमी वाचतो. वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. हॉस्टेलवर मुलं घाटातल्या वळणावर उभ्या राहणाऱ्या बाईच्या गोष्टी सांगायला लागली की मी पांघरूण ओढून झोपणारा माणूस. त्यामुळे आपणच कधी इथं लिहू, असं वाटलं नव्हतं. लिहावं की नाही, यातही बरेच दिवस गेले. पण एक गोष्ट माझ्या नावावर जमा झाली आहे आणि ती माझी नाही... म्हणून लिहितो.

मी मूळचा सोनाळ्याचा. बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांचं म्हणणं, हे तीन वर्षांचं झालं की घरी ये, शेत पाहा. त्यांचंही चुकत नाही. मी तिथं नेमकं काय शिकतो, हे मलाच त्यांना नीट सांगता येत नाही.

माझी मोठी बहीण वरवट बकालला दिली आहे. भाऊजी औषधाच्या कंपनीत एम.आर. आहेत. म्हणजे मोटरसायकलवर गावोगाव डॉक्टरांना भेटायचं, औषधांची माहिती द्यायची. त्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी, आणि तीही अजून कच्ची होती. कंपनीनं नुकतीच कागदावरची रिपोर्टं बंद केली आणि प्रत्येकाच्या हातात एक ऑर्गनायझर दिला. तळहाताएवढं यंत्र, काचेवर प्लास्टिकच्या काडीनं लिहायचं. कोणत्या डॉक्टरला कधी भेटलो, ते काय म्हणाले, सगळं त्यात. महिनाअखेरी ते यंत्र एका छोट्या स्टँडवर ठेवायचं, स्टँडची वायर घरच्या कॉम्प्युटरला लावायची आणि स्टँडवरचं बटण दाबायचं. की आतलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. याला सिंक म्हणतात. मग फ्लॉपीत घेऊन अकोल्याच्या मीटिंगला न्यायचं.

कॉम्प्युटर मात्र तुमचा तुम्ही घ्या, असं कंपनीचं म्हणणं. भाऊजींनी खामगावहून जुना आणला. हाताने टाइप करून नोंदी भरता येत नव्हत्या – न भेटताच भेटलो असं कोणी लिहू नये म्हणून, जे यंत्रातून येईल तेच खरं. आणि एका यंत्राला एकच कॉम्प्युटर. दुसऱ्याला लावलं तर आतलं पुसलं जाईल, अशी ताकीद.

पहिल्या महिन्यात ऑर्गनायझरचे सेल रस्त्यातच संपले आणि आतलं सगळं उडून गेलं. त्याची रचनाच तशी आहे, सेल मेले की आठवण गेली. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या वेळी कोरी फ्लॉपी आणायची असेल तर येऊच नका.

आणि नेमका पुढच्याच महिन्यात भाऊजींना टायफॉइड झाला. मीटिंग होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

ताईनं शेजारच्या फोनवरून हॉस्टेलला निरोप दिला, "गजूले पाठवा, तो कॉम्प्युटरचं शिकते." मी खामगाव, शेगाव असा गाड्या बदलत वरवटला पोचलो. खाटेवर भाऊजी अर्धे झालेले. मला पाहून म्हणाले, "आला का राजा! आता चिंता नाही."

चिंता तर मलाच होती. कारण सीरियल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरमागची वायर लावायची जागा, त्याच्या पिनांची आकृती मी परीक्षेत काढून आलो होतो, पण तो पोर्ट हाताने चाचपून पाहत होतो तो पहिल्यांदाच. कॉलेजात एका कॉम्प्युटरमागे आम्ही चारपाच जण, आणि माझी जागा कायम मागची.

तरी लागलो. स्टँडवर ठेवायचं, बटण दाबायचं. ऑर्गनायझर 'टिडिंग' असा चढता आवाज करायचा – म्हणजे सुरू झालं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी कॉम्प्युटरवर पाटी, संपर्क होऊ शकला नाही. काम झाल्यावर उतरता आवाज येतो म्हणे, 'डिंगटिड'. भाऊजींनी तो आवाज ट्रेनिंगमध्ये ऐकला होता. माझ्याकडून तो एकदाही निघाला नाही. मी पोर्ट बदलून पाहिला, माउस काढून त्याच्या जागी वायर लावून पाहिली, प्रोग्राम काढून परत टाकला. विजेची लाइन असेल तेवढा वेळ हेच.

शेजारचे पांडूकाका रोज येऊन पाहून जायचे.

"याच्यात पिच्चर दिसते का?"

"नाही काका."

"गानं वाजते?"

"नाही."

"मंग एवढं डबडं कायले आनलं बे तुह्या भाऊजीनं!"

ताई आतून म्हणायची, "काका, चहा घ्या अन् जा. त्याचं डोकं कामात हाय."

ताईच्या सासूला मी मावशी म्हणतो. मावशी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला डबा म्हणायच्या आणि ऑर्गनायझरला डबी. त्या कोपऱ्यात वाती वळत बसायच्या आणि माझ्याकडे पाहत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "काऊन रे, त्या डबीले सकायपासून टोचून राह्यला तू. ते काय मनावर घेईन असं?"

अष्टमीला डबीच्या काचेवर सेल संपत आल्याची खूण दिसायला लागली. नवे सेल टाकावे, तर भाऊजी ठाम नाही म्हणाले. बदलताना क्षणभर उशीर झाला की सगळं पुसतं, त्यांच्या एका सोबत्याचं तसं झालं होतं. आधी सिंक, मग सेल.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. मी स्टँडसमोर बसलेलो, आणि मावशी ताट घेऊन उभ्या.

"उठा आता. पूजा मांडायची हाय."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फुलं वाहायची. आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याला सोनं घरी येईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. हत्याराचा तेवढा आराम. आमच्या सोनाळ्याच्या घरीही बाबा त्या दिवशी वखराला शिवत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण त्यात कॉम्प्युटर येईल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ताई घाबरत म्हणाली, "आत्याबाई, यायची नोकरी अडकली ना त्याच्यात. या वर्षी राहू द्या की."

"ज्याच्यात नोकरी हाय त्याचीच पूजा नाही करायची? विळ्याची करायची, भाजी चिरायच्या पावशीची करायची, अन् पोराचं पोट ज्याच्यावर हाय ते तसंच उपाशी ठेवायचं?"

मी म्हणालो, "मावशी, डबीतले सेल संपत आले आहेत. उद्यापर्यंत टिकतील की नाही सांगता येत नाही. संपले तर सगळं जाईल."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अन् आता तुह्या हातानं व्हऊन राह्यलं का काही?"

मी स्टँडवरचा हात काढला.

भाऊजी खाटेवरून म्हणाले, "दे राजा. आईले देऊन दे. तू बी थकला, ते बी थकलं. फक्त एक मिनिट माह्या हातात दे."

मी कॉम्प्युटरमागची वायर सोडवली – माझ्या हाताने, स्क्रू फिरवून – आणि स्टँडसकट गुंडाळून माझ्या थैलीत ठेवली. डबी भाऊजींना दिली. ते म्हणाले, तापात पडायच्या आदल्या दिवशी तेल्हाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, तेवढं लिहायचं राहून गेलं. काडीनं त्यांनी ती नोंद केली. खोकल्याचं औषध फार गोड आहे, बाटली मुलांपासून लपवून ठेवावी लागते, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मी शेजारी बसून पाहत होतो. हे एवढं बारीक सांगतो, कारण पुढं त्याचं काम आहे.

मग मावशींनी देवाच्या खोलीत पाट मांडला. मधोमध कॉम्प्युटरचा डबा, भोवती विळा, पावशी, कुऱ्हाड, मोटरसायकलचे पाने, ताईची कात्री. डबी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे या डब्याचंच लेकरू ना?"

मी म्हटलं, "तसंच समजा."

"मंग दूर कायले ठेवायचं?" म्हणत त्यांनी ती डब्याला टेकून ठेवली आणि वरून झेंडूचं फूल वाहिलं. डब्याची विजेची वायर बाहेरच्या खोलीत पडली होती. डबीची माझ्या थैलीत. हेही मुद्दाम सांगून ठेवतो.

दसऱ्याच्या दुपारी ताई आणि मावशी देवीच्या मंदिरात गेल्या. गावातली लाइन गेलेली होती. मी भाऊजींच्या उशाशी पंख्यासारखा पुठ्ठा हलवत बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "आई नाही घरात. पाहून घे ना एकदा, जिवंत हाय का डबी."

मी उठलो. देवाच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेलो. खिडकीतून ऊन येत होतं, पाटावर कुंकू, फुलं जशीच्या तशी. हात पुढे केला होता, खोटं कशाला बोलू. पण मावशींनी ते किती मन लावून मांडलं होतं, ते डोळ्यासमोर आलं. बाबांनी त्यांच्या वखराला हात लावला नसता. मी चार बुकं शिकलो म्हणून मला वेगळा नियम का... असं काहीसं वाटलं. नीट सांगता येत नाही. मी हात मागे घेतला आणि येऊन परत पुठ्ठा हलवू लागलो.

"पाहिलं?"

"नाही भाऊजी. राहू द्या संध्याकाळपर्यंत."

ते डोळे मिटून पडले.

आणि मग आवाज आला. आतल्या खोलीतून. टिडिंग.

भाऊजींनी डोळे उघडले. माझ्या हातातला पुठ्ठा थांबला. थोडा वेळ गेला, फार नाही. बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, तो दूर गेला. आणि मग स्पष्ट, अगदी स्पष्ट... डिंगटिड.

"लागलं का रे?" भाऊजी म्हणाले.

"मी तर इथं बसलो आहे."

मी उठून पुन्हा उंबरठ्यापर्यंत गेलो. खोलीत कोणी नव्हतं. फूल डबीवर होतं तसंच होतं. काच काळी. मी कधी नव्हे ते हात जोडले, आणि परत आलो. सेल मरताना असा आवाज होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. भाऊजींना मात्र ते सांगितलं नाही.

दिवेलागणीच्या आधी पांडूकाकांसोबत जाऊन मी शिवेवरून सोनं आणलं. आपट्याची पानं. भाऊजींच्या ऐवजी मला पाटावर उभं करून मावशींनी ओवाळलं, मग एकेका हत्यारावर पान ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या आता आपआपलं."

मी डबीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नवे सेल टाकले तेव्हा काच उजळली आणि डबीनं स्वागत असो म्हटलं, तारीख-वेळ विचारली. दुकानातून आजच आणल्यासारखी. आत एक अक्षर नव्हतं.

भाऊजींनी हातात घेऊन पाहिलं, आणि माझ्या हातात परत देऊन भिंतीकडे तोंड केलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुऱ्या तळायच्या होत्या, तशीच उभी राहिली. मावशी एवढंच म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."

मला तिथं उभं राहवेना. म्हणून मी डबा उचलून बाहेरच्या खोलीत नेला, टेबलावर ठेवला, त्याची वायर लावली. करायला काहीतरी पाहिजे म्हणून. तेवढ्यात लाइन आली. कॉम्प्युटर सुरू झाला, मी सवयीनं कंपनीचा प्रोग्राम उघडला... 

नोंदी होत्या.

शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, अकोट. एकाखाली एक. मी डोळे चोळून परत पाहिलं. खाली खाली जात राहिलो. सगळ्यात शेवटी तेल्हारा. डॉक्टरीणबाई, खोकल्याचं औषध, फार गोड, बाटली लपवावी लागते.

"भाऊजी..."

"राहू दे राजा," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "तुह्या हाती काही नव्हतं."

मी वाचायलाच लागलो, शाळेत हजेरी घेतात तसा. एकेका डॉक्टरचं नाव, गाव, काय बोलणं झालं. तिसऱ्या-चौथ्या नावाला भाऊजी कुशीवर वळले. मग उठून बसले. तेल्हाऱ्याचं वाचलं तेव्हा भिंतीला धरून माझ्या मागे येऊन उभे होते.

"हे कसं आलं याच्यात? हे तर मी वायर काढल्यावर लिहिलं."

"हो."

"तूनं मंग लावली व्हती का वायर?"

मी थैली आणून त्यांच्यासमोर उघडली. वायर मी गुंडाळली होती तशीच, गाठीसकट.

ताई रडायला लागली. रडतच तिनं विचारलं, "नोकरी राहीन ना मंग?" मी हो म्हटलं. लाइन पुन्हा जायच्या आत मी दोन फ्लॉप्यांमध्ये सगळं घेतलं.

मावशींना आम्ही हे समजावून सांगू लागलो, तर त्यांना त्यात नवल वाटेना. पानात पुरी वाढत म्हणाल्या, "मंग? आराम भेटला त्याले. मायपाशी दिवसभर निवांत बसलं. जे मनात व्हतं ते सांगून टाकलं."

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना धरून धरून अकोल्याला नेलं. साहेबांनी फ्लॉपी लावली, खालपर्यंत पाहिली. तेल्हाऱ्याची नोंद वाचून त्यांना हसू आलं. म्हणाले, "असं लिहीत जा, म्हणजे माणूस खरंच भेटून आला हे कळतं. आणि आता पंधरा दिवस घरी बसा, तब्येत पाहा." बाहेर आल्यावर भाऊजी बसस्टँडच्या बाकावर बसले आणि बराच वेळ नुसते माझा हात धरून होते.

बुलढाण्याला परतल्यावर मी आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझा आधीचा एखादा प्रयत्न तुझ्या नकळत यशस्वी झाला असणार. मी म्हणालो, मग शेवटची नोंद? ते म्हणाले, अशा यंत्रांत बिनवायरची सोयही असते, इन्फ्रारेड. मी म्हणालो, सर, त्या जुन्या कॉम्प्युटरला ती सोय नाही, आणि तो बंद होता. वीज तर गावातच नव्हती. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "मग मला माहीत नाही," म्हणाले. "पण हे परीक्षेत लिहू नको."

आणखी एक. ती वायर नंतरही कधी चालली नाही. खामगावच्या दुकानदाराने तपासून सांगितलं, ही या यंत्राची वायरच नाही, कंपनीकडून चुकून दुसरीच आली आहे, आतली जोडणी वेगळी आहे, हिच्यातून काही जाणं शक्य नाही. आता नवी वायर आहे. बटण दाबलं की दोन्ही आवाज येतात आणि काम होतं.

दिवाळीत भाऊजी सोनाळ्याला आले. बरे झालेले, मोटरसायकलवर. चार माणसांत बाबांना म्हणाले, "मामा, तुमच्या पोरानं माही नोकरी वाचवली." मी लगेच म्हणालो, मी काही केलं नाही, ते आपोआप झालं. सगळे हसले. त्यांना वाटलं, मुलगा नम्र आहे.

बाबा संध्याकाळी गोठ्यात कडबा टाकताना म्हणाले, "हे वर्ष सरलं की एकच राहीन ना तुह्यं?"

"हो."

"त्याच्या पुढं बी असते काय शिकाले?"

"असतं. पण..."

"पन कायले? शीक. शेत मी पाहीन."

मला तिथंच त्यांना सांगायचं होतं की बाबा, ते मी नाही केलं. दोनदा तोंड उघडलं. पण ते पाठमोरे होऊन बैलाच्या अंगावरून हात फिरवत होते, आणि खूप दिवसांनी गुणगुणत होते. माझ्याच्याने बोलवलं नाही.

म्हणून इथं सांगतो. दसऱ्याच्या त्या दुपारी वरवटच्या घरात जे काही झालं, ते कसं झालं याचं माझ्याजवळ आजही उत्तर नाही. पुढच्या वर्गात, मोठ्या पुस्तकांत ते सापडेल असंही आता वाटत नाही. पण भाऊजींची नोकरी आहे, ताई सुखात आहे, आणि मला पुढं शिकायला मिळणार आहे. हे सगळं ज्यानं कोणी केलं, त्यानं ते माझ्या नावावर करून टाकलं आणि स्वतः निघून गेला. मला त्याचं नाव माहीत नाही. माहीत असतं तर बाबांना गोठ्यातच सांगितलं असतं.